अमेरिकेतील पहिले बायबल आणि त्याचा जुळारी



माझ्या वर्गातील मुलांना मी कधीकधी एक प्रश्न घालतो : अमेरिकेत छापले गेलेले पहिले बायबल कोणत्या भाषेतील? बहुतेक मुले ‘इंग्रजी’ म्हणून मोकळी होतात. एखादा धीट मुलगा ‘स्पॅनिश’ म्हणतो. दोन्ही उत्तरे चूक. ते बायबल तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांना आपली शाळेची पुस्तके ‘रेड इंडियन’ म्हणत आली त्यांच्या, एका भाषेत १६६३ साली छापून पुरे झाले. जर्मन बायबल निघण्यास १७४३ आणि इंग्रजी बायबल निघण्यास १७८२ साल उजाडावे लागले. असे का झाले, आणि त्या पहिल्या ग्रंथाचे व तो छापणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हे आज आपणांस सांगावे असा माझा विचार आहे.

प्रथम छापखान्याविषयी दोन शब्द. अमेरिका खंडात मुद्रणकला पहिल्याने उतरली ती मेक्सिकोत. तेथे १५३९ साली बिशप सुमारागा यांच्या प्रेरणेने स्पॅनिश आणि नावाट्ल या दोन भाषांत ख्रिस्ती प्रश्नोत्तरी निघाली. आपल्या गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतील वसाहतींना मात्र त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. १६३८ च्या उन्हाळ्यात ग्लोव्हर नावाचे एक धर्मोपदेशक छापयंत्र, खिळे आणि कागद घेऊन इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला निघाले आणि वाटेतच जहाजावर वारले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी धीर न सोडता केंब्रिज गावी, नव्याने निघालेल्या हार्वर्ड कॉलेजाच्या शेजारी, छापखाना उभा केला. चालविण्यास माणूस होता स्टीफन डे. त्याचा मूळ धंदा कुलुपे करण्याचा!

या छापखान्याची पहिली दोन कामे, नागरिकांनी घ्यावयाच्या शपथेचे एकपानी पत्रक आणि १६३९ सालचे पंचांग, आज कोठेही उपलब्ध नाहीत. वापरून वापरून ती झिजून गेली. १९८५ साली त्या शपथपत्रकाची एक प्रत सापडल्याचा गाजावाजा अमेरिकेत झाला आणि पंधरा लक्ष डॉलरांची मागणी झाली. पुढे ती प्रत बनावट ठरली, आणि ती बनविणाऱ्या मार्क हॉफमन या इसमाने आपली लबाडी झाकण्यासाठी बाँब ठेवून दोन माणसांचे प्राण घेतल्याचे उघडकीस आले. जुन्या कागदाच्या मोहाने माणूस कोणत्या थरास जाईल याचा नेम नाही.

१६४० साली त्याच छापखान्यातून स्तोत्रसंहितेचे पद्यरूप भाषांतर निघाले. धर्मोपदेशकांनी ते मूळ हिब्रूवरून केले होते. सतराशे प्रती छापल्या. आज अकरा शिल्लक आहेत. २०१३ साली त्यांपैकी एका प्रतीला लिलावात एक कोटी एकेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. छपाई पाहावी तर कुलुपवाल्याच्या हाताची साक्ष पानोपानी पटते. ‘स्तोत्र’ या अर्थाचा इंग्रजी शब्द डाव्या पानांच्या माथ्यावर एका प्रकारे, तर उजव्या पानांवर शेवटी एक अक्षर जास्त घालून छापलेला आहे. माझ्या विद्यार्थ्याने असे केले असते तर तांबड्या शाईची रेघ चुकली नसती.

पुढील काळात मॅसॅच्युसेट्समध्ये छापले गेले त्यात प्रवचनांचा वाटा फार मोठा. नव्या कारभाऱ्यांच्या निवडीच्या दिवशी प्रवचन, उपवासाच्या दिवशी प्रवचन, इतकेच काय, फाशीच्या कैद्याला समोर बसवून केलेले प्रवचनही पुस्तिकारूपाने विकले जाई. बॉस्टन शहरात १६७५ साली छापखाना निघाला, तेव्हा त्याचे पहिले पुस्तक याच जातीचे होते : इन्क्रीज मेदर या धर्मोपदेशकाने दोघा खुन्यांच्या फाशीच्या वेळी केलेले प्रवचन. या पुस्तिका दोऱ्याने टाचलेल्या, बिनपुठ्ठ्याच्या असत. चार्ल्स एव्हन्स या ग्रंथपालाने १८०० सालापर्यंतच्या अमेरिकन मुद्रितांची जी यादी करावयास घेतली, आणि जी त्याच्या मागे इतरांनी पुरी केली, तिच्यात ३९,००० वर नोंदी आहेत. यादीतील पहिला आकडा त्या हरवलेल्या शपथपत्रकाचा आहे.

आम्हां कॅथलिकांना या छापखान्याकडून ममतेची अपेक्षा नव्हती. येशूसंघीय धर्मगुरूंना वसाहतीत पाऊल टाकण्यास मनाई करणारा कायदा १६४७ चा आहे. हद्दपार झालेला फिरून आल्यास देहदंड. १६६९ साली थॉमस ए केम्पिस यांच्या ‘ख्रिस्तानुकरण’ ग्रंथाची छपाई चालू असता, ग्रंथकार पोपच्या पंथाचा म्हणून तेथील विधिमंडळाने ती अडविली आणि ग्रंथ पुन्हा तपासून दुरुस्त केल्याखेरीज पुढे छापू नये, असे फर्माविले. हा ग्रंथ माझ्या आजोबांच्या उशाशी असे. त्यात राज्य उलथविणारे काय आहे ते मला अजून उमगलेले नाही. असो. त्याच केंब्रिजच्या छापखान्याने त्याच दशकात जे दुसरे काम केले, त्यापुढे हा राग टिकत नाही.

जॉन एलियट हे इंग्रज धर्मोपदेशक १६३१ साली मॅसॅच्युसेट्सला आले. तेथील मूळ रहिवाशांची भाषा त्यांनी चिकाटीने शिकून घेतली. शिकविणारा होता कॉकिनू नावाचा तरुण. तो युद्धात पकडला जाऊन एका इंग्रजाच्या घरी चाकरीस राहिला होता. १६४६ पासून एलियट त्या भाषेत प्रवचने करू लागले. तिला लिपी नव्हती. रोमन अक्षरांत ती बसवून त्यांनी प्रथम प्रश्नोत्तरी आणि मग सबंध बायबल उतरविले. शब्द एवढे लांब की कॉटन मेदर या विद्वानाने पुढे थट्टा केली : बाबेलच्या बुरुजापासून हे शब्द वाढतच आलेले दिसतात! संस्कृतातील समास पाहिले असते, तर त्याने बहुधा हात जोडले असते.

या कामाचा पैसा लंडनच्या एका मंडळाकडून येई. मंडळाचे प्रमुख १६६२ पासून रॉबर्ट बॉइल होते. होय, वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम आपण ज्यांच्या नावाने पाठ केला तेच. इंग्रजी बायबल छापण्याचा हक्क इंग्लंडात राजाच्या मुद्रकाकडे आणि विद्यापीठांकडे होता, त्यामुळे वसाहतीतील इंग्रजांना आपले बायबल गलबतावरून येईल तेव्हा मिळे. मूळ रहिवाशांच्या भाषेवर मात्र कोणाचाच मक्ता नव्हता.

आता या कथेतील मुख्य पुरुष. हॅसनामेसिट गावच्या निपमक जमातीतील वोवाउस नावाचा मुलगा इंग्रजांच्या शाळेत शिकला आणि १६५९ साली केंब्रिजचा मुद्रक सॅम्युएल ग्रीन याच्याकडे उमेदवारीस लागला. धंद्यावरून त्याचे नाव पडले जेम्स प्रिंटर. खिळे जुळवावयाचे, मुद्रिते तपासावयाची, आणि तीही ज्या भाषेचा एक शब्द मालकाला कळत नाही तिच्यात! १६६१ साली नवा करार आणि १६६३ साली संपूर्ण बायबल बाहेर पडले. प्रती सुमारे हजार.

बारा वर्षे गेली. एलियटना भाषांतरात मदत करणारा जॉन सॅसमन हा शिकलेला देशी ख्रिस्ती गृहस्थ. वाम्पानोआग लोकांचा राजा मेटाकोम, ज्याला इंग्रज फिलिप म्हणत, तो लढाईच्या तयारीत आहे अशी वर्दी त्याने प्लिमथच्या गव्हर्नरास दिली. लवकरच, १६७५ च्या जानेवारीत, त्याचे प्रेत एका गोठलेल्या तळ्याच्या बर्फाखाली सापडले. त्या खुनाबद्दल इंग्रजांनी तिघा वाम्पानोआगांस फाशी दिले आणि युद्ध पेटले. त्यात सर्वांत वाईट दशा झाली ती देशी ख्रिस्त्यांची. इंग्रजांना ते शत्रूचे हेर वाटत. स्वजातीयांना ते इंग्रजांचे हस्तक वाटत. नेटिक येथील ख्रिस्ती कुटुंबांना ऑक्टोबर १६७५ मध्ये बॉस्टनच्या बंदरातील डिअर बेटावर नेऊन ठेवण्यात आले. त्या हिवाळ्यात थंडीने व उपासमारीने तेथे पुष्कळजण दगावले. एलियट त्यांना जाऊन भेटत. पण बायबल ज्यांच्यासाठी छापले त्यांना बेटावरून सोडविणे त्यांच्या हाती नव्हते.

जेम्स प्रिंटरवरही हल्ल्यात सामील असल्याचा आळ आला. बॉस्टनमध्ये त्याला तुरुंगात टाकले. चौकशीअंती तो निर्दोष सुटला. थोड्याच दिवसांत मेटाकोमचे लोक हॅसनामेसिटला येऊन गावकऱ्यांना घेऊन गेले, त्यांत तोही गेला. बळाने गेला की मनाने, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. ज्या सरकारने निरपराध माणसाला कोठडीत घातले, त्याच्याविषयी त्याच्या मनात काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. १६७६ च्या उन्हाळ्यात माफीची द्वाही फिरली तेव्हा तो परत आला आणि पुन्हा खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहिला.

युद्धात त्या बायबलाच्या बहुसंख्य प्रती नष्ट झाल्या होत्या. वृद्ध एलियटनी दुसऱ्या आवृत्तीचा ध्यास घेतला. १६८३ साली बॉइलना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे की, मजकूर समजून जुळविणारा आणि तपासणारा आमच्याजवळ एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे हा देशी मुद्रक. १६८५ साली दुसरी आवृत्ती निघाली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १६८४ मध्ये, गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यापूर्वी तीनदा, १६१६, १६४९ व १६५४ साली, छापले गेले होते. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. हे पुराण आपल्यापर्यंत आले ते हातांनी केलेल्या नकलांतून. प्यूरिटनांवर बोट रोखताना माझ्यासारख्या कॅथलिकाने हेही बोललेच पाहिजे.

मॅसॅच्युसेट्सचा आणि मराठीचा संबंधही अगदीच नाही असे नाही. १८१० साली त्याच प्रांतात स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. परंतु मराठीला स्वतःची लिपी होती, ज्ञानेश्वरी होती आणि बोलणारे लाखो होते. त्या छापखान्यावाचून ती मुकी राहिली नसती. एलियटनी लिहिलेल्या भाषेचे तसे नव्हते.

त्या भाषेचे लोक एलियटच्या अक्षरांत स्वतः लिहूही लागले. खरेदीखते, मृत्युपत्रे, सरकारकडे अर्ज अशी त्यांची कागदपत्रे शिल्लक आहेत. बायबलाच्या काही प्रतींच्या समासांत मालकांनी आपल्या भाषेत आपली नावे टिपली आहेत, पुस्तक आपले असल्याचे बजावले आहे, कोठे आपल्या दैन्याविषयी चार शब्द लिहिले आहेत. पुढे जमिनी गेल्या, वस्त्या विरळ झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही.

१९९३ साली मॅशपी येथील वाम्पानोआग स्त्री जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ही भाषा पुन्हा जिभेवर आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्या भाषाशास्त्र शिकल्या. आधार कशाचा, तर त्या जुन्या कागदपत्रांचा आणि एलियटच्या बायबलाचा. त्यांत न सापडणारे शब्द शेजारच्या भगिनीभाषांशी ताडून ठरवितात. बेअर्डबाईंची मुलगी शंभराहून अधिक वर्षांनंतर ही भाषा घरात ऐकत लहानाची मोठी झालेली पहिली मुलगी होय. आता मुलांचे वर्गही चालतात.

त्यांच्या कामी येणाऱ्या १६६३ च्या बायबलाच्या इंग्रजी मुखपृष्ठावर मुद्रक म्हणून दोन नावे आहेत : सॅम्युएल ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन. जेम्स प्रिंटरचे नाव मुद्रक म्हणून छापले गेले ते १७०९ साली, त्याच भाषेतील स्तोत्रसंहितेवर. तेव्हा त्याला खिळे जुळवू लागून पन्नास वर्षे झाली होती.