मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन

१९८६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मद्रासहून सुटलेल्या रात्रीच्या गाडीने एक तरुण डॉक्टरबाई आपल्या यजमानांसह काटपाडीस निघाल्या होत्या. बरोबर बर्फाची एक पेटी होती. पेटीत कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एकेका स्त्रीच्या रक्तातून निराळा काढलेला रक्तद्रव होता. तोवर त्या कुप्या डॉक्टरबाईंनी घरच्या शीतकपाटात जपून ठेवल्या होत्या, कारण दुसरी सोय नव्हती. काटपाडीहून रिक्षाने ते दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोहोचले. ज्या तपासणीसाठी ते आले होते, तिची व्यवस्था मद्रास शहरात नव्हती. ८०हून अधिक नमुने तपासावयास घेतले, आणि त्यांतील सहा पिवळे झाले.

या डॉक्टरबाईंचे नाव सेल्लप्पन निर्मला. त्या मद्रास मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या, आणि प्रबंधासाठी हा विषय त्यांना सुचविला होता त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. या प्राध्यापिकेचे माहेरचे आडनाव गायतोंडे. आडनाव ऐकताच कोकण-गोव्याची आठवण व्हावी. पण हे मराठी कुटुंब कातड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेत स्थायिक झालेले. आठ भावंडांत सुनीती ही एकुलती एक मुलगी. दरसाल लस टोचावयास आरोग्याधिकारी घरी येत. त्यांना पाहून आपणही डॉक्टर व्हावे, असे तिच्या मनाने घेतले. मद्रासच्याच वैद्यकीय महाविद्यालयात तिचे शिक्षण झाले. हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह झाल्यावर काही वर्षे दोघे इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे होती. १९७३ साली ती मायदेशी परतली. पुढे सुनीतीबाई सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

अमेरिकेत १९८१ साली एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले होते. आपल्याकडे मुंबईत शेकडो लोकांचे रक्त घेऊन पुण्याच्या विषाणुसंस्थेकडे पाठविण्यात आले होते. पण त्यांत काही आढळले नव्हते. हा परदेशी लोकांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्या देशात तो कशाला येतो, असे शहाणीसुरती माणसेही म्हणत. वृत्तपत्रांचा सूरही बहुधा तोच होता. अशा वेळी सुनीतीबाईंनी शोध घ्यावयाचे ठरविले. निर्मलाबाईंनी इस्पितळात आणि स्त्रियांच्या सुधारगृहात जाऊन शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त गोळा केले. हातमोजेदेखील नव्हते. वेल्लोरचा निष्कर्ष अमेरिकेत पुन्हा पडताळून पाहण्यात आला आणि मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ही वार्ता जाहीर केली. भारतात या विषाणूचे अस्तित्व सिद्ध झाले ते असे.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगण्यात आले नव्हते. त्या सहांपैकी एक तर तेरा वर्षांची, पळवून आणून या व्यवसायात लोटलेली मुलगी होती, असे सुनीतीबाई पुढे सांगत. शास्त्राला उत्तर मिळाले. पण त्या मुलीला काय मिळाले? काळच तसा होता, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येईल. सुनीतीबाईंनी तो सारला नाही, आणि त्यांच्या पुढील आयुष्याचा उलगडा होतो तो येथेच.

कारण वार्ता फुटल्यावर देशात जे पसरले, ते विषाणूपेक्षाही वेगाने पसरले. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून अथवा मातेकडून अपत्याला तो होतो, हे तेव्हाही ठाऊक होते. तरीही महारोग्याला गावाबाहेर घालविणारी आपली जुनी बुद्धी पुन्हा जागी झाली. मद्रासेत बाधित स्त्रियांना मुदत संपल्यावरही डांबून ठेवण्यात आले आणि त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडले. त्याचा अपराध एवढाच की त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात हा विषाणू आढळला होता.

सुनीतीबाई प्रयोगशाळेतल्या. नळीवरचा क्रमांक पाहावा, निष्कर्ष लिहावा आणि कागद पुढे धाडावा, हे त्यांचे काम. त्या कागदाने एखाद्याचे घर मोडते, नोकरी जाते, याचा विचार सूक्ष्मजंतुशास्त्राच्या अभ्यासक्रमात नव्हता. असे रुग्ण इतर डॉक्टर टाळीत, म्हणून ते सुनीतीबाईंकडे येऊ लागले. घरातही प्रारंभी विरोध झाला. अशा लोकांत पत्नीने वावरू नये, असे व्हिक्टर सॉलोमन यांना वाटे. त्यांची कहाणी एकदा ऐका, मग असे म्हणणार नाही, हे पत्नीचे उत्तर होते. १९८८पासून त्यांनी महाविद्यालयातच एड्सविषयक मार्गदर्शनाचे काम आरंभिले, आणि १९९३ साली सरकारी नोकरीची सावली सोडून स्वतःची संस्था काढली. तिला वडिलांचे नाव दिले : वाय. आर. गायतोंडे केंद्र.

या केंद्राचे वैशिष्ट्य म्हणजे तेथे रक्त नंतर घेत, बोलणे आधी होई. तपासणी कशाची, निष्कर्ष प्रतिकूल आला तर पुढे काय, कोणाला सांगावयाचे, कोणाला नाही, हे सारे समजावून आणि त्या माणसाचा होकार घेऊनच सुई टोचावयाची. आपल्या देशात स्वेच्छेने तपासणी व समुपदेशन यांचा हा आरंभच होता. आज हे स्वाभाविक वाटते. पण संमतीवाचून ही तपासणी करू नये आणि निष्कर्ष गुप्त राखावा, असा कायदा संसदेने केला तो २०१७ साली.

या बोलण्यातूनच एक गोष्ट उघड झाली, आणि सुनीतीबाईंच्या कार्यात तिचे मोल कदाचित १९८६च्या शोधाहून अधिक मानावे लागेल. केंद्रात येणाऱ्या बाधित स्त्रियांत बहुसंख्य गृहिणी होत्या. पतीवाचून दुसरा पुरुष त्यांना ठाऊक नव्हता. मंगळसूत्र हे या रोगापासून संरक्षण नव्हे, असे त्यांच्या संशोधनातून निघाले. रोग ‘त्या’ वस्तीतला, आपल्या माजघरातला नव्हे, ही समजूत तेथे कोसळली. साहजिकच प्रतिबंधाचा उपदेश केवळ वेश्यावस्तीत करून भागणार नव्हते; नवऱ्यांना बोलते करावयाचे होते, आणि हे काम अधिक कठीण.

औषधांची कथा थोडक्यात सांगता येईल. प्रारंभी ती धनिकांनाच परवडत. भारतीय कारखान्यांनी किमती खाली आणल्या, आणि १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्र, तमिळनाडू, कर्नाटक आदी सहा राज्यांत व दिल्लीत सरकारने ती मोफत देण्यास आरंभ केला. पुढे नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यात पुण्याबरोबर चेन्नईचे हे केंद्रही होते. बाधिताला लवकर औषध दिल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली आढळले. उपचार आणि प्रतिबंध ही दोन कामे निराळी उरली नाहीत.

औषधाने माणसे जगू लागली, तेव्हा घरोघरी निराळाच पेच उभा राहिला. मुलाचे वय झाले, नातलग स्थळे आणतात; नकार किती दिवस द्यावयाचा आणि कारण काय सांगावयाचे? आजार लपवून लग्न केले तर आणखी एका निरपराध मुलीचा बळी. सुनीतीबाईंनी येथे जे केले, ते एखाद्या वडीलधाऱ्या मावशीला शोभावे असे. त्यांनी बाधितांची लग्ने जुळवावयास घेतली. धर्म, भाषा, शिक्षण, मिळकत हे सारे त्या विचारीत. जातही विचारीत, कारण आईबापांना ती हवी असे. पत्रिकेच्या जोडीला रक्तातील पेशींची संख्या आणि विषाणूंचे प्रमाण पाहिले जाई. मुलाला-मुलीला समोरासमोर बसवून त्या स्वतः बाहेर जात. मूल हवे असल्यास ते निरोगी कसे होईल, याचा सल्ला पुढे त्याच केंद्रात मिळे.

२००६ साली व्हिक्टर सॉलोमन निवर्तले. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत सुनीतीबाईंचेही निधन झाले. पद्मश्री जाहीर झाली ती त्यानंतर, २०१७ साली. त्यांनी जुळविलेल्या लग्नांवर त्याच वर्षी एक बोलपटही निघाला. त्यात आपल्या टेबलाशी बसून, चष्म्याआडून समोरच्या उपवर मुलाची चौकशी करणाऱ्या सुनीतीबाई पाहावयास मिळतात.