आरोग्याचं काम कुणाच्या हाती?

1948च्या कारखाने अधिनियमानुसार 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याविषयीच्या 2020च्या संहितेनं ही मर्यादा 250वर आणली. पण एकट्या अधिकाऱ्याला सगळ्यांचं आरोग्य सांभाळणं जमत नाही. त्याच्या जोडीला माणसं निवडताना व्यायामाची हौस असलेलेच शोधू नका. रात्रपाळीतला कुणी हवा, कंत्राटी कामगारांतला हवा, आणि बायकांना मोकळेपणानं बोलता येईल अशी एखादी ताई तर हवीच. पगारवाढ ज्याच्या हाती, त्याला मात्र यात घेऊ नये. मधुमेह, दारू, झोप न लागणं हे साहेबापुढे कोण उघड करील? ऐकलेलं पोटात ठेवणं, ही माझ्या मते पहिली पात्रता. आणि हे काम ड्युटीच्या वेळेतच धरा.