पोटाला लागणारा चहा



आज आपण चहाविषयी बोलू. माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. दरेकसा स्टेशनावर लोक उतरतात. उतरलेला माणूस आधी काय शोधतो? चहा! आम्हीही शोधतो. तेव्हा चहा सोडा, असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी तुम्ही ऐकणार नाही.

पण एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हाची. एक मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घ्यायचा. आम्ही त्याला उभे केले. रागे भरलो. मग विचारले, "सकाळी काय खाल्लंस?" तो म्हणाला, "लाल चहा, गुरुजी." बस्, एवढेच. आधी विचारायला हवे होते. चूक आमची होती.

रोवणीच्या दिवसांत बायाही असेच करतात. लाल चहा घेतात आणि बांधीत उतरतात. चहाने भूक मरते, पण अंगाला काही लागत नाही. अंगाला लागतात ती प्रथिने. ती डाळीत, हरभऱ्यात, दुधात, अंड्यात, मासळीत असतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली तसे सांगितले आहे.

मग ती चहातच घालू या. कसे, ते ऐका.

फुटाणे आणा. साले काढा. बारीक दळा आणि चाळा. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात थोडेच दळा, नाहीतर कुबट होते. सुंठ, वेलची आणि चार मिरे वेगळे कुटून ठेवा.

एका मोठ्या कपासाठी अर्धा कप दूध, अर्धा कप पाणी घ्या. पीठ दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम. ते आधी थोड्या थंड पाण्यात कालवा. इथे घाई करू नका, बरं का! उकळत्या चहात कोरडे पीठ टाकले की गुठळ्या होतात. आमच्या घरी पहिल्यांदा चहाचे पिठलेच झाले होते.

आता पाणी, चहापत्ती आणि मसाला उकळा. गाळून घ्या. त्यात दूध आणि कालवलेले पीठ घाला. मंद आचेवर ढवळत दोन उकळ्या येऊ द्या. गूळ घालायचा तर भांडे खाली उतरवून घाला. चुलीवर घातला तर दूध फाटते.

एवढ्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्याइतकी. दूध नसेल तर चारेक ग्रॅम. तरी लाल चहापेक्षा बरे.

कॉफी हवी तर चहापत्ती घालू नका. शेवटी अर्धा लहान चमचा कॉफी आणि किंचित जायफळ घाला. भाजल्या हरभऱ्याला कॉफीच शोभते, असे आमचे मत. घरात ते कुणाला पटत नाही.

काही जण तरोट्याच्या बिया भाजून कॉफीसारख्या उकळतात. रानातून बिया आणताना जपा. कासविंदा तशीच दिसते. तिच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात मुले दगावली आहेत. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका.

लहान मुलांना चहा-कॉफी नको. तेच पीठ दुधात शिजवून, गूळ घालून द्या. मोठ्यांनीही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये. अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि रक्त कमी पडते.

पुढच्या बुधवारी येताना मूठभर फुटाणे आणा. स्टोव्ह आणि चहापत्ती आमची.