भोंग्याविना दिवस



‘आपला वेळ आपल्या हाती’ हा विषय संयोजकांनी आम्हांस दिला तेव्हा आम्हांस हसू आले. आम्ही पडलो युनियनवाले; आमची हयात गेली ती इतरांच्या वेळेसाठी भांडण्यात. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची एक सुटी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या साऱ्या लढ्यांत घड्याळ मालकाच्या हाती होते, म्हणून भांडायला समोर कोणी तरी होते. ज्याला भोंगाच नाही त्याने कोणाशी भांडावे?

अशा माणसांची गोष्ट शोधायला दूर जायला नको. आपल्या या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला! मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मुदत भरलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी येथील छावणीत येत. पण आगबोटी सुटत त्या हिवाळ्याच्या हंगामात. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने वाट पाहणे आले. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. हा गडी फौजेत जाण्यापूर्वी कोळशाच्या खाणीत राबलेला, म्हणून आम्हांस जवळचा वाटतो. तो सांगतो, या शिपायांजवळ हत्यारे नसत, अधूनमधून सामानाची तपासणी होई, क्वचित कवाईतीची पायपीट. बाकी वेळ खायला उठे. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षे ठपका नव्हता तेही येथे येऊन गुन्हे करून बसले आणि घरी जाण्याआधी तुरुंगात गेले. ऊन, दारू, हिवताप हीही कारणे असतील. सारे खापर रिकामपणावर फोडणे बरे नव्हे. पण शिस्त त्या माणसांच्या अंगात किती होती आणि बिगुलात किती, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आम्हांस स्वतःलाही पडला आहे. पाळीची नोकरी सोडून आम्ही पूर्ण वेळ संघटनेचे काम पत्करले, तेव्हा वाटले, आता चोवीस तास चळवळीचे. झाले उलटेच. सकाळी चहा, वर्तमानपत्र, कोणी आले की गप्पा. पाहावे तो दुपार. दिवसभर धावपळ केल्याचे समाधान मात्र पुरेपूर! त्याच पावसाळ्यात एका बडतर्फ कामगाराच्या अपिलाची मुदत आमच्या पिशवीत संपली. कागद तयार होते, फक्त नेऊन द्यायचे होते. तो माणूस अजून भेटतो, आग्रहाने चहा पाजतो. तो चहा आम्हांस गोड लागत नाही.

मग शिकलो ते सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांकडून. मजुरी हजारावर, काम घरी, देखरेख कोणाची नाही. पण त्यांचे बारकावे पाहा. पाने रात्रीच भिजवून ठेवायची. सकाळी उठून ‘आता काय करू’ हा विचार करण्याची वेळच येत नाही. हजाराकडे बघायचे नाही. पंचवीस झाल्या की बंडल बांधायचे. मांडीवर सूप घेऊन शेजारणींच्या ओट्यावर बसायचे. तोंड चालते, पण शेजारणीचा हात चालू असताना आपला थांबत नाही. आम्ही नक्कल केली. उद्याचा पहिला कागद रात्रीच टेबलावर काढून ठेवू लागलो. लांबलचक निवेदने पानापानाने लिहू लागलो, आणि तीही वाचनालयात, चार माणसांत बसून. प्राथमिक शाळेनंतरचे आमचे सारे शिक्षण वाचनालयातलेच. तेथे डुलकी घ्यायला लाज वाटते.

मात्र या बायांची तारीफ करून थांबलो तर ती लबाडी होईल. दर हजारावर आणि तोही तुटपुंजा, म्हणजे घरात संध्याकाळ कधी होतच नाही. मुलगी शाळेतून आली की तिच्यापुढेही पाने येतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार म्हटले, हे मोठे काम झाले. पण तिच्या ओट्यावर घड्याळ कोण लावणार? आज मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचविणारी पोरे आम्हांस सांगतात, “काका, आम्ही आमच्या मर्जीचे राजे.” रात्री अकराला मोबाईलवर जादा पैशाचे आमिष चमकते आणि हे राजे पुन्हा किक मारतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्या कारकुनांचीही हीच तक्रार आहे. सकाळी काम सुरू होत नाही आणि रात्री ते संपत नाही. आमच्या मते ही दोन दुखणी नव्हेत, एकच आहे. दिवसाला शेवट नसला की सुरुवातीची घाई कोणाला राहणार? ज्याचा दर त्याच्या हाती नाही, त्याला वेळापत्रकाचे धडे देण्याआधी दराचे बोलावे. ज्यांचा दर बरा आहे, त्यांनी थांबण्याची वेळ आधी ठरवावी.

आमच्या कचेरीच्या दारावर ‘रात्री आठला बंद’ अशी पाटी आहे. आमच्या घरी विचाराल तर सांगतील, ती पाटी यांनी स्वतः रंगविली, आणि गावात ती न वाचलेले हे एकटेच.