शब्द तेच, चाल नवी

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. तिथल्या आश्रमातल्या सर्वधर्मप्रार्थनेत संस्कृत श्लोक आहेत, जपानी भिक्खूंचा मंत्र आहे, पारशी प्रार्थना आहे आणि रेहाना तय्यबजींमुळे आलेली कुराणातली ‘अल-फातिहा’ही आहे. १९४७ साली दिल्लीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयतांना विरोध झाला, तेव्हा त्या गाळून बाकीची प्रार्थना करायला गांधीजींनी नकार दिला.

फातिहा मी लहानपणी घरी शिकलो. कुठे थांबायचे, कोणता स्वर किती लांबवायचा, याचे नियम काटेकोर. आश्रमात ती प्रथम ऐकली तेव्हा शब्द ओळखीचे, पण चाल परकी वाटली. श्लोकांच्या वळणाने म्हटलेली. मनात आले, चाल बदलली की प्रार्थनाही बदलते का?

हा प्रश्न युरोपातल्या संगीतकारांसमोर शतकानुशतके होता. कॅथलिकांची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. तिच्या गायनाचे पाच ठरलेले भाग: दयेची याचना, देवाचा महिमा, श्रद्धेचा उच्चार, पवित्रतेचे स्तवन आणि देवाच्या कोकराला विनवणी. शब्द कायम, बदलायची ती फक्त चाल. आरंभी सारे एकाच सुरात, वाद्यांशिवाय गात. चौदाव्या शतकात गियोम द माशो या फ्रेंच संगीतकाराने चार आवाजांत संपूर्ण मिस्सा बांधली. तो कवीही होता, हे मला विशेष वाटते.

पुढे आवाजांची गुंफण इतकी दाट झाली की शब्दच ऐकू येईनात. त्यात एका सशस्त्र शिपायाच्या गाण्याच्या चालीवर कितीतरी संगीतकारांनी मिस्सा रचल्या. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भजन म्हणतात, तसेच हे. ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात धर्मपरिषद भरली. शब्द लोकांना कळले पाहिजेत, असा आग्रह तिथे धरला गेला. पॅलेस्ट्रीनाच्या एका मिस्सेने चर्चमधले संगीत वाचवले, ही नंतरची दंतकथा. पण १५६७ साली छापलेल्या त्या रचनेत शब्द स्वच्छ ऐकू येतात, हे खरे.

बाख हा लुथरपंथी. तरीही १७४९ च्या सुमारास, मृत्यूच्या उंबरठ्यावर, त्याने कॅथलिक मिस्सेचे सगळे भाग एकत्र बांधून पूर्ण केले. दुसऱ्या पंथाची प्रार्थना त्याला परकी वाटली नाही. बेथोव्हेनची थोरली मिस्सा १८२३ साली पुरी झाली. ती इतकी विस्तारली की १८२४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रथम सबंध वाजली, ती उपासनेत नव्हे, मैफलीत.

मग १९६३ साली व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेत मातृभाषेला वाट करून दिली. अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेसने १९६४ साली लोकसंगीताच्या तालांवर स्पॅनिश मिस्सा रचली. आपल्या वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली. भाविकांना स्वतःचे शब्द मिळाले. लॅटिन मिस्सांचा मोठा ठेवा मात्र बराचसा मैफलीत आणि ध्वनिमुद्रिकांत गेला. लाभ मोठा होता, पण हानीही झाली.

मग कोण बरोबर? शब्द कळावा म्हणणारे, की सुरात बुडणारे?

एका संध्याकाळी आश्रमातली प्रार्थना आटोपल्यावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मला विचारले, ‘‘भाऊ, तुमच्या त्या प्रार्थनेचा अर्थ काय जी?’’ मी मराठीत सांगितले. देवाची स्तुती आहे, आणि सरळ वाट दाखव अशी विनवणी आहे. बाई म्हणाल्या, ‘‘हे तं आमच्याच मनातलं हाय.’’

अर्थ न कळता त्या वर्षानुवर्षे ती प्रार्थना म्हणत होत्या. मला परकी वाटलेल्या चालीनेच ते शब्द त्यांच्या ओठांवर टिकवले होते. अर्थ मागाहून आला, पण तो येईपर्यंत शब्द जपण्याचे काम चालीने केले.

घरी मी अजूनही फातिहा वडिलांनी शिकवली तशीच म्हणतो. आश्रमात गेलो की सगळ्यांच्या सुरात सूर मिळवतो. दोन्हीकडे प्रार्थना तीच असते.