रुग्णसेवेतील अनामिक हात



रुग्णालय म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु भल्या पहाटे बादली आणि फडके घेऊन वॉर्डात येणारी मावशी, मळलेली चादर बदलणारा सेवक यांची आठवण सहसा कोणास होत नाही. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या अनामिक हातांचे स्मरण उचित ठरावे.

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून कार्यरत आहे. त्यांच्या जोडीला खाजगी व धर्मादाय रुग्णालये आहेत. शिरपूर, चोपडा, यावल भागातील खेड्यांतून आलेला रुग्ण शहरातील दवाखान्यात पुरता भांबावलेला असतो. अशा वेळी त्याच्याशी अहिराणीत पहिला शब्द बोलणारी अनेकदा ही मावशीच असते.

हे काम केवळ झाडलोटीचे नाही. त्याचे शास्त्र आहे. स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसत जावे, उलट नव्हे. रक्त सांडल्यास प्रथम शोषक कापडाने झाकावे, त्यावर एक टक्का हायपोक्लोराइटचे द्रावण ओतावे, किमान दहा मिनिटे थांबावे आणि मगच पुसावे. रुग्णाची चादर झटकायची नसते. अलगद गुंडाळून वेगळ्या पिशवीत घालायची असते, कारण झटकलेल्या कापडातून जंतू हवेत पसरतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेले बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात आणि काच निळ्या डब्यात जाते. यात कोणी चूक केली आणि सुई पिशवीत गेली, तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या हाताला. कावीळ-ब सारखा रोग त्या एका टोचण्यातून जडू शकतो. म्हणूनच याच नियमांनी कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे संस्थेवर बंधनकारक केले आहे.

स्वच्छतेने प्राण वाचतात, हे इतिहासाने सिद्ध केले आहे. १८५५ मध्ये स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयातील तुंबलेली गटारे साफ होऊन हवा खेळती झाली, तेव्हा सैनिकांचे मृत्यू झपाट्याने घटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुढे आकडेवारी मांडून हे जगास पटवून दिले.

आपल्याकडेही या सत्याचा एक विदारक पुरावा आहे. जून २०२० मध्ये, करोनाच्या काळात, जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली. सुमारे आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात आढळला. अधिष्ठात्यांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली. त्या काळात रुग्णालयावरचा ताण भयंकर होता, हे खरेच. तथापि, जे दार रोज उघडून आतील फरशी धुतली जाते, त्या दारामागे अशी घटना आठ दिवस दडून राहू शकत नाही. झाडू मारणाऱ्याच्या हातात झाडू असतो, तशीच त्याची नजरही रुग्णावर असते. तो हात नसला की ती नजरही नसते. याच वर्षी केंद्र शासनाने करोना योद्ध्यांसाठी ५० लाखांचे विमा कवच जाहीर केले, त्यात सफाई कर्मचारी व वॉर्डबॉय यांचाही समावेश केला. त्यांची जोखीम अशा रीतीने मान्य झाली.

आपल्या धर्मात वैयावृत्त्य म्हणजे सेवा हे अभ्यंतर तप मानले आहे. नंदिषेण मुनींची कथा सर्वश्रुत आहे. रुग्ण साधूचे रूप घेतलेल्या देवाने खांद्यावर बसून त्यांचे अंग मलिन केले, तरी त्यांच्या मनात घृणा उपजली नाही. जी घृणा मुनींनी तपाने जिंकली, तिच्यावर रुग्णालयातील मावशी पोटासाठी का होईना, रोज मात करते. तिला हीन लेखणे आपल्याला शोभणारे नाही.

आता थोडा हिशोबाचा विचार. आपला समाज दानशूर आहे. इमारत, खोली, यंत्र यांसाठी देणग्या येतात, संगमरवरी पाटीवर नावे कोरली जातात. हा झाला भांडवली खर्च. परंतु हातमोजे, जंतुनाशक, गमबूट, लस, पुरेशा चादरी आणि सेवकांचे वेतन हा रोजचा महसुली खर्च. त्यावर कोणाची पाटी लागत नाही, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. कंत्राटी कामगाराचा किमान पगार आणि भविष्य निर्वाह निधी यांची चौकशीही क्वचितच होते. दुकान कितीही सजवले, पण रोजची झाडलोट थांबली तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही, हे व्यापारी समाजास सांगावयास नको.

पांजरापोळ आणि भोजनशाळेसाठी कायमी तिथीची सुंदर परंपरा आपल्यात आहे. मूळ रक्कम अबाधित राहते आणि व्याजातून त्या दिवसाचा खर्च भागतो. अशीच एक 'स्वच्छता तिथी' आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील धर्मादाय रुग्णालयांसाठी का सुरू होऊ नये? आई-वडिलांच्या पुण्यतिथीस एका वॉर्डाच्या स्वच्छतेचा भार उचलला, तर ते दान थेट रुग्णाच्या अंथरुणापर्यंत पोहोचेल. देणगी देताना "येथील सेवकांना लस दिली आहे काय?" एवढा एक प्रश्न प्रत्येक दात्याने विचारला, तरी पुष्कळ साधेल.

आणि पुढच्या वेळी आप्ताच्या भेटीस रुग्णालयात गेल्यावर ओल्या फरशीवरून घाईने पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, त्या मावशीस नमस्कार करावा. त्यासाठी कोणत्याही निधीची आवश्यकता नाही.

जय जिनेंद्र!