माध्यान्हीची घंटा

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, ८ डिसेंबर रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या मिस्सेनंतर दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने पूर्वसूरींचे स्मरण करावे, असा परिपाठ आहे. परंतु ते कार्य आपल्यातील वयोवृद्ध मंडळींनी माझ्यापेक्षा सरस रीतीने केले आहे, आणि त्यांचे लेख याच स्मरणिकेत आपणांस वाचावयास मिळतील. मी आज आपल्या देवळाच्या घंटेविषयी बोलणार आहे. घंटेच्या निमित्ताने गणित आणि विज्ञान यांविषयी चार शब्द बोलेन, आणि शेवटी स्वतःच्या एका अपराधाविषयीही. आता पावणेबारा वाजत आहेत. बाराच्या ठोक्याला ही घंटा वाजेल व आपण देवदूताची प्रार्थना म्हणू. तत्पूर्वी मला आटोपले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी वेदीसेवा करणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "फादर, आपली घंटा चुकते का?" शाळेत गुरुजींनी सांगितले होते की माध्यान्ही सावली सर्वांत आखूड असते. त्याप्रमाणे त्याने अंगणात दहा फुटांचा वेळू रोवून पाहिला, तो घंटा वाजून गेल्यावरही सावली आखूड होतच राहिली. मी त्याला म्हटले, "घंटा वेळेवरच वाजते, तू आधी प्रश्नोत्तरे पाठ कर." हे उत्तर धर्मगुरूला शोभणारे नव्हते, आणि ते खरेही नव्हते. रात्री मला स्वस्थता वाटेना. सेमिनरीत शिकलेला भूगोल आठवून मी कागद पेन्सिल घेऊन बसलो.

आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. वाशीम आहे सुमारे सत्त्याहत्तर अंश आठ कलांवर. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. हिशेब सरळ आहे : मिर्झापूरकडे सूर्य डोक्यावर येऊन गेल्यानंतर तो आपल्याकडे यावयास सुमारे एकवीस मिनिटे लागतात. त्यातही पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून ही घटिका वर्षभर मागेपुढे सरकते. फेब्रुवारीच्या मध्यास आपली खरी माध्यान्ह बारा पस्तीसच्या सुमारास होते. नोव्हेंबरच्या आरंभी बारा पाचलाच. आज ती बारा वाजून तेरा-चौदा मिनिटांनी होईल. मुलाचे खरे होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून तसे सांगितले, आणि मग वर्षभर आम्ही दोघांनी मिळून त्या वेळूच्या सावल्या मोजल्या. मे महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास तर माध्यान्ही सावली वेळूच्या पायाशी नाहीशीच झाली. त्याच्या चेहऱ्यावरचा त्या दिवशीचा आनंद मी अनेक बाप्तिस्म्यांच्या आठवणींशेजारी जपून ठेवला आहे.

आता कोणी म्हणेल, मिर्झापूरची रेषा आमच्यावर का लादावी? थोडा इतिहास सांगतो. आपल्या गावासाठी तो अभिमानाचाही आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ साली याच गावी सापडला. या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु इसवी सनाच्या सातव्या शतकातील ज्योतिषी भास्कर याने पृथ्वीची मध्यरेषा कोठून कोठून जाते हे सांगताना लंकेपासून मेरूपर्यंत जी स्थळे गणली, त्यांत अवंती म्हणजे उज्जयिनी आहे, स्थानेश्वर आहे आणि वत्सगुल्मही आहे, हे थोड्यांस ठाऊक असते. (हा लीलावतीकार भास्कराचार्य नव्हे, त्याच्या आधी सुमारे पाचशे वर्षे होऊन गेलेला, आर्यभटाच्या ग्रंथावर ६२९ साली टीका लिहिणारा.) मध्यमेश्वराच्या देवालयावरून ही रेषा जाते, अशी समजूत आपल्या गावात अजून आहे. म्हणजे एके काळी विद्वान लोक आपली घटिका मोजावयास जी रेषा धरीत, तीवर आपण राहतो.

ही रेषा अचूक होती काय? नव्हती. उज्जयिनी आपल्या पश्चिमेस एक अंश आणि वीस-बावीस कलांवर आहे. म्हणजे जवळजवळ एकशेचाळीस किलोमीटरांची चूक. पण त्या लोकांजवळ दुर्बीण नव्हती, घड्याळ म्हणजे पाण्यात बुडणारे घटिकापात्र. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. तेव्हा दोन गावी ते कोणत्या स्थानिक घटिकेला लागले ते पाहावे आणि त्या अंतरावरून देशांतर काढावे, अशी ती रीत. एवढ्या साधनांवर त्यांनी केलेली चूक पाहून मला हसू येत नाही, उलट मस्तक नम्र होते. पुढे १८८४ साली वॉशिंग्टन येथे राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी शून्य रेषा ग्रिनिच येथे ठरविली. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ आली. मुंबई शहर तर १९५५ पर्यंत आपल्या वेगळ्या वेळेला कवटाळून बसले होते. तात्पर्य, रेषा माणसे ठरवितात व माणसे बदलतात. सूर्य मात्र कोणाच्या ठरावाची वाट पाहत नाही. विज्ञानाची प्रतिष्ठा मला येथे दिसते : आपण ठरविलेले काय आणि देवाने ठरविलेले काय, यांची गल्लत ते होऊ देत नाही.

आपल्या पवित्र सभेलाही हा धडा शिकावा लागला आहे. जुन्या पंचांगात वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे धरले होते. अकरा मिनिटे म्हणजे काय? परंतु नायसीयाच्या परिषदेपासून सोळाव्या शतकापर्यंत त्यांचे दहा दिवस झाले, आणि ईस्टर आपल्या ऋतूपासून ढळू लागला. तेव्हा तेरावे ग्रेगरी या परमगुरूंनी १५८२ साली दुरुस्ती केली, आणि येशूसंघाचे गणिती फादर क्लाव्हियस यांनी त्या दुरुस्तीचे समर्थन आयुष्यभर केले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. आव्हिलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री देवाघरी गेली. म्हणून तिचा सण आपण १५ तारखेला पाळतो. याच पवित्र सभेच्या न्यायासनाने १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविले, हेही मी लपवून ठेवणार नाही. ती चूक होती हे परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली उघडपणे सांगितले. साडेतीनशे वर्षे! घंटेविषयीची चूक मी एका रात्रीत कबूल केली, याबद्दल आपण मला थोडे श्रेय द्यावे.

सभ्य गृहस्थहो, मोजमाप हे खोलीत बसून होत नाही. हिंगणघाटला आपल्यापैकी काहींचे नातलग आहेत. तेथे विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. त्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमीन मोजावयास आरंभ केला, आणि सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून वाहून नेत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, तो दक्षिणेतून उत्तरेकडे सरकला. हैदराबादेहून नागपुराकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटास मरण पावला. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले, आणि ती मोजणी आपल्या वऱ्हाडातून पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, ते पाहण्यासाठी हा खटाटोप. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. टेकड्यांवर रात्र रात्र दिवे धरून बसलेले, तापाने मेलेले खलाशी आणि निशाणवाले मात्र कोणाच्या स्मरणात नाहीत. त्यांत आपल्या मुलखातलेही काही असतील. सर्व मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, त्या दिवशी मी त्यांनाही आठवीत असतो.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगतो. हे मी व्यासपीठावरून आजवर कधी सांगितले नाही.

वीसएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका खेड्यातील मिशनात होतो. पावसाळ्याचे दिवस होते. पहाटेच्या अंधारात दारावर थाप पडली. शेतावर मोलमजुरी करणारे एक कुटुंब बैलगाडी घेऊन उभे होते. गाडीत त्या घरची सून निजली होती. नवरा म्हणाला, "फादर, हिले रातच्याला काहीतरी चावलं वाटते. पोटात दुखते म्हणते, अन् डोये उघडत नाहीत." मण्यारीच्या दंशाची ही लक्षणे आज मला पाठ आहेत : जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री चावते, फारशी वेदना होत नाही, सूजही येत नाही, मग पापण्या जड होतात, आणि शेवटी श्वास थांबतो. त्या वेळी मला त्यांतले काही ठाऊक नव्हते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, हे ठाऊक होते. मी आत गेलो, वस्त्रे घातली, पवित्र तेल आणले, संपूर्ण विधी शांतपणे केला. सुमारे वीस मिनिटे गेली. त्यानंतर मिशनची जीप काढली.

दवाखान्यात लस होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : "किती वाजता चावले?" नवऱ्याला सांगता येईना. मला निदान ती माझ्या दारात किती वाजता आली, हे तरी सांगता यावयास हवे होते. मी घड्याळाकडे पाहिलेच नव्हते. ती दुपारी गेली. माझी वीस मिनिटे तिच्या जिवास भोवली किंवा नाही, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत, आणि मीही कधी सांगू शकणार नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. तिच्या सासूने तर माझे पाय धरले, कारण मी प्रार्थना केली होती. ते पाय धरणे मला आजही सहन होत नाही.

बंधूंनो, मी प्रार्थनेविरुद्ध बोलत नाही. तो संस्कार पुनः तसाच करीन. परंतु तो धावत्या जीपमध्ये करता आला असता. त्या दिवशी मी वेळेच्या मोजमापाला हलके लेखले, जणू ते देवाच्या कारभारात बसत नाही. वास्तविक माप, संख्या आणि वजन यांची गोष्ट आपल्याच ज्ञानग्रंथात आहे, आणि सेमिनरीत मी ती शिकलो होतो.

ती सर्पदंशाची लस कशी होते, हे मी नंतर वाचले. फ्रेंच वैद्य काल्मेत याने १८९५ च्या सुमारास तिचा मार्ग दाखविला. थोडे थोडे विष टोचून घोड्यांच्या रक्तात प्रतिकार उत्पन्न करावयाचा आणि त्या रक्तातून औषध काढावयाचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकच लस चालते, आणि परळच्या हाफकिन संस्थेने हे काम कित्येक दशके केले. त्या संस्थेचा मूळ पुरुष हाफकिन हा ओडेसाचा यहुदी. मुंबईत प्लेग असता त्याने आपली नवी लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परक्या शहरासाठी परक्या माणसाने आपला देह पुढे केला. यास काय म्हणावे, हे ज्याने त्याने क्रुसाकडे पाहून ठरवावे.

आज प्रत्येकाच्या खिशात जे यंत्र आहे, ते उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कोठे आहोत ते सांगते. भास्कराला जेथे चंद्रग्रहणाची वाट पाहावी लागे, तेथे आपणांस एक क्षण पुरतो. पण आपल्यापैकी कितीजणांना जवळच्या सर्पदंशाच्या दवाखान्याचे अंतर ठाऊक आहे? मी मागील महिन्यात मिस्सेनंतर बाहेर उभा राहून विचारले. चित्रपटांची नावे सर्वांस येत होती. मी रागावलो नाही. वीस वर्षांपूर्वी मला तरी कोठे ठाऊक होते?

म्हणून महोत्सवाच्या निधीतून दोन गोष्टी केल्या आहेत. प्रवेशद्वाराच्या डाव्या हातास एक फळा लाविला आहे. लस कोणत्या दवाखान्यांत मिळते, तेथपर्यंत रात्री किती मिनिटे लागतात, गाडी कोणाची व क्रमांक कोणता, हे त्यावर लिहिले आहे. ती मिनिटे आपल्या तरुणांनी स्वतः रात्री गाडी चालवून मोजली आहेत. अंदाजाने लिहिलेली नाहीत. दर पावसाळ्याच्या आधी ती पुनः मोजली जातील, कारण रस्ते तसेच राहत नाहीत. फळ्यावर एक घड्याळही आहे. आणि अंगणात, जेथे तो वेळू रोवला होता, तेथे उत्तरदक्षिण अशी एक दगडी रेषा बसविली आहे. ती आखावयास तोच मुलगा सुट्टी घेऊन आला होता. आता तो मोजणी खात्यात नोकरी करतो. त्याने माझ्या कागदावरील हिशेब तपासला आणि दोन चुका काढल्या.

बारा वाजावयास दोन मिनिटे उरली आहेत. घंटा घड्याळाप्रमाणेच वाजेल. ती आता साऱ्या देशाबरोबर वाजते, आणि त्यात काही वाईट नाही. प्रार्थना झाल्यावर कृपया लगेच जेवणाकडे वळू नये. अंगणात या. बारा वाजून तेरा-चौदा मिनिटांनी त्या वेळूची सावली रेषेवर येईल. ती सव्वानऊ फूट भरली पाहिजे. मुलांनी फीत आणून ठेवली आहे.